बारावी कळ

वहिनीचा फोन आला तेव्हा मी परभणीत औषधाच्या दुकानात उभी होते. हातात यादी होती. सहापैकी चार औषधांवर काट मारून झाली होती. "सुमनताई, या तुमी," वहिनी म्हणाली, "आता काई आणू नका." पाचवं औषध दुकानदारानं समोर ठेवलं होतं. त्याचं काय करायचं, मला कळेना…

त्याला आता सहा आठवडे झाले. सुधाकरदादा, माझा थोरला भाऊ. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाला आणि वालूरच्या घरी येऊन राहिला. गेल्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागणार हे कळलं त्याच दिवशी त्यानं जुन्या सामानातून चार ओळींचा, सोळा कळांचा कीपॅड शोधून काढला, आवाज साठवणाऱ्या एका खोक्याला जोडला आणि कळांवर एक ते सोळा आकडे चिकटवले. "आवाज हाय तवर सोळा वाक्यं भरून ठेवतो. काय काय लागंल ते तू लिही सुमे, तुला लय हौस याद्यांची." मी तासाभरात यादी केली. पाणी, हो, न्हाई, कूस बदल. ती वाचून म्हणाला, "‘भाजीत मीठ कमी हाय’ हे राहिलं की." आतून वहिनी म्हणाली, "बोलणं गेलं तरी ते जायचं न्हाई!" "मग काय, नुसतं दुखायलंय दुखायलंय करू?" बारावी कळ मात्र त्यानं स्वतःकडं ठेवली. "ती मी भरतो. वेळ आली की ऐकशील." माझ्या यादीत बारापुढची जागा कोरी राहिली.

सोळा कळांना आठच तारा कशा पुरतात, हे मी विचारलं होतं. चार आडव्या, चार उभ्या, त्यानं कागदावर रेघा मारून दाखवल्या. आतला मायक्रोकंट्रोलर एकेका आडव्या तारेवर विचारत जातो, कुणी दाबलंय का? ज्या उभ्या तारेवरून उत्तर येतं, त्या चौकातली कळ. "दिवसभर इचारतच राहतो बिचारा. तुझ्यासारखा." ऑपरेशननंतर त्याचा हात थरथरायला लागला आणि एकदा दाबलं की खोका "पाणी, पाणी, पाणी" म्हणायचा. मग त्यानं प्रोग्राममध्ये थोडं थांबणं घातलं. बोट कितीही थरथरलं तरी खोका एकदाच ऐकायचा.

त्या खोक्यामागं आठही तारा लोंबायच्या. मला लोंबतं काही बघवत नाही. दादा झोपलेला असताना मी त्यांची जुडी करून दोऱ्यानं घट्ट बांधली आणि पलंगाच्या कडेला अडकवली. दोन दिवसांनी तिसरी ओळ मुकी झाली. नऊ, दहा, अकरा यांचं अडलं नाही. बोट कुठं आहे ते पाहायचं आणि यादीत शोधायचं. पण शेवटच्या आठवड्यात तो बारावर बोट ठेवायला लागला. लिहायला हातात पेन ठरत नव्हता, ओठांवरून मला काही कळत नव्हतं. मी यादी घेऊन समोर उभी राहिले. औषध हवंय? "न्हाई," खोका म्हणाला, दादाच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात. डॉक्टरांना बोलावू? "न्हाई." मुलीला फोन लावू? "न्हाई." यादीतले पंधराही झाले. त्यानं डोळे मिटले. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं…

रुबीना त्याची जुनी विद्यार्थिनी, देवगाव फाट्यावर तिचं दुरुस्तीचं दुकान आहे. खोका तिच्याकडं न्यायचा हे माझ्या कामांच्या यादीत होतं. सातवं. वर ऑक्सिजन, रिपोर्ट, औषधं होती.

तेराव्यानंतर ती स्वतःच भेटायला आली. दोरा सोडून म्हणाली, "ताई, ही तार ताणून कुनी बांधली? सर तर ढिलीच ठेवायचे." मी म्हटलं, मी. तार तिनं तिथंच जोडून दिली.

बारावी कळ मी दाबली. "सुमे, यादी ठेव खाली. बस की जरा माझ्यापाशी."

खोका आता परभणीत माझ्या टेबलावर आहे. त्याच्या तारा लोंबत असतात, मी हात लावत नाही. कामं उरकून रोज संध्याकाळी बारावी कळ दाबते आणि बसते. किती वेळ बसायचं, ते मात्र त्यानं भरून ठेवलेलं नाही.