बसायला खुर्ची दिली म्हणून

मी सातवीत शाळा सोडली. पुढं लग्न होऊन भंडाऱ्याकडच्या गावातून छत्तीसगडात, चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले. इतकी वर्षं झाली, तरी कोणत्याही ऑफिसच्या खिडकीपाशी गेले की माझ्या तळव्यांना घाम सुटतो.

मुलगी बारावी झाली तेव्हा दोन ठिकाणं समोर होती. एक रायपूरचं मोठं विद्यापीठ, दुसरं अहिवाऱ्याकडचं छोटं कॉलेज. तिला दगडांचं शास्त्र शिकायचं होतं. लहानपणी नंदिनी गावच्या खाणीकडे गेलो की ही फ्रॉकच्या घोळात दगड भरून आणायची आणि खिडकीत ओळीनं मांडायची. तो विषय विद्यापीठातच होता. कॉलेजचा फॉर्म आपला हाताशी असावा म्हणून भरलेला.

विद्यापीठ बघायला दोघी गेलो. गेटपासून चालून चालून माझे पाय भरून आले. एका पायरीवर टेकले, तर गार्ड म्हणाला, "माताजी, यहाँ मत बैठिए." मुलगी पुढं निघून गेली होती. मान वर करून इमारती बघत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात छोट्या कॉलेजातून कागद तपासायला बोलावलं. ती तापानं पडलेली, म्हणून फाईल घेऊन मीच गेले. तिथल्या मॅडम आमच्या नागपूरकडच्या निघाल्या. "बसा ना ताई," म्हणाल्या, स्वतः खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. ऑफिसात मला कोणी बस म्हटल्याचं ते पहिलंच. मग त्या म्हणाल्या, "शाळेचा ओरिजिनल दाखला जमा करा, सीट पक्की." त्यांचं पाणी पिऊन 'विचार करून सांगते' कसं म्हणायचं? मी दाखला काढून दिला.

घरी मुलगी ताडकन उठून बसली. "ओरिजिनल देऊन देल्ला? कावून?"

"मॅडमनं मांगला. खुर्ची देल्ली, पानी देल्लं."

तिचे बाबा हसले. "इले कोनी खुर्ची देल्ली त हे क्वार्टर बी लिहून देईन!"

विद्यापीठाची यादी लागली, तिचं नाव होतं. आता तोच दाखला तिथं हवा होता. ती म्हणाली, "चाल ना आई, वापस मांगून आनू. मी फोन करून पूछलं, देतात ते."

"मॅडमले काय वाटन? किती मायेनं बसवलं मले."

ती म्हणाली, "तू एवढी कायले भेतं वं, आई?" आणि मग हळूच, "जाऊ दे. छोड़ो."

जाऊ दिलं. मीच जाऊ दिलं.

कॉलेजात जे विषय होते ते तिनं घेतले, पास झाली. आता दुर्गला एका ऑफिसात दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या मॅडमवर मला आजही राग येत नाही. त्यांनी चांगलंच वागवलं होतं मला.

मागच्या दिवाळीच्या सफाईत खिडकी रिकामी दिसली. मी तिला विचारलं, "ते गोटे कुठं गेले वं?"

"कुंडीत टाकले तुळशीच्या. पानी निथरते चांगलं."

रोज पाणी घालताना ते ओले होऊन चमकतात. कोणता दगड कसा तयार झाला, हे लहान असताना ती मला एकेक हातात देऊन सांगायची. मी पोळ्या लाटत नुसती हो हो करायची. आता पुन्हा विचारावंसं वाटतं, पण धीर होत नाही.