सीपीयूवर कागद चिकटवायचा नाही

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोह्याच्या तहसीलसमोर पत्रकं वाटत होते. फोन लातूरहून होता, त्यांच्या मुलीचा, महानंदाताईचा. "अप्पा गेले गं. सकाळी दुकान उघडलं, खुर्चीत बसले, अन्..." माझ्यासमोर एक आजोबा हात पुढं करून उभे होते. मी त्यांना पत्रक दिलं. मग त्यांच्या मागच्याला दिलं. गठ्ठा संपेपर्यंत वाटत राहिले, कारण थांबले असते तर तिथंच खाली बसले असते. दुपारच्या गाडीनं लातूरला मातीला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी केंद्रावर अप्पांच्या श्रद्धांजलीचं पत्रक टाइप केलं, त्यांनीच उभ्या केलेल्या कॉम्प्युटरवर. पहिली प्रत खळ लावून त्याच सीपीयूच्या अंगावर चिकटवली. यापेक्षा योग्य जागा कुठली, असं तेव्हा वाटलं होतं.

मन्मथअप्पांचं दुकान लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. पाटी नाही. कपाळावर विभूतीची तीन बोटं, पांढरा सदरा, आणि लोक जिथं पेन लावतात त्या खिशाला पेचकस. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. श्रद्धांजलीच्या सभेत एक गृहस्थ म्हणाले, "जुन्या काळातला माणूस होता." मला संताप आला. कसला जुना काळ? गिऱ्हाइकाला तोंडावर "तुला नवीन घ्यायची गरज नाही" असं सांगणारा दुकानदार आजच्या काळात हवा आहे, आत्ता, या घडीला. त्याला जुना म्हणून हार घालून बाजूला ठेवायची आपल्याला घाई झालेली असते.

आमची ओळख गरजेपोटी झाली. लोह्यात आमचं एका खोलीचं मदतकेंद्र आहे. खेड्यांतल्या मुलींचे वसतिगृहाचे आणि शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म आम्ही फुकट भरून देतो आणि त्याच कॉम्प्युटरवर पत्रकं काढतो. कॉम्प्युटर एका निवृत्त गुरुजींनी दिलेला. चालू करून चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळायचे, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. पंखा गिरणीसारखा ओरडायचा. त्या वर्षी वसतिगृहाच्या फॉर्मची मुदत आठवड्यावर आली आणि सरकारी साईट उघडेनाच. धोका आहे, धोका आहे, एवढंच सांगायची. नांदेडच्या एका दुकानात नेला. तिथला माणूस न उघडताच म्हणाला, "ताई, याला आता फुलं वाहा. नवीन घ्या."

नवीन मिळत होता, अगदी फुकट. आमच्या भागातल्या एका नेत्यानं निरोप पाठवला होता: कोरा कॉम्प्युटर देतो, उद्घाटनाला येतो, भिंतीवर माझा फोटो लावा. याच नेत्याच्या मर्जीतल्या ठेकेदारानं वसतिगृहातल्या पोरींच्या ताटात काय वाढलं होतं, त्यावर आम्ही दोन महिन्यांपूर्वी पत्रक काढलं होतं. त्याच्या फोटोखाली बसून पुढचं पत्रक कसं लिहायचं? पण केंद्राच्या बैठकीत निम्मे लोक घ्या म्हणाले, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. "पोरींचे फॉर्म राहिले तर तुझा ताठा चाटायचा का?" असं शोभाकाकूंनी मला सगळ्यांसमोर विचारलं. शेवटी ठरलं, सोमवारपर्यंत हाच कॉम्प्युटर चालू झाला तर ठीक, नाहीतर साहेबांना होकार. दुरुस्तीला त्या महिन्याच्या पत्रकछपाईचे पैसे मिळाले. म्हणजे महिनाभर आमचं तोंड बंद.

लातुरात एक अप्पा असले कॉम्प्युटर जिवंत करतात, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून माझा सहकारी बालाजी आणि मी एसटीनं निघालो. सीपीयू बालाजीच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. कंडक्टरनं विचारलं, "पेशंट हाय का?" बालाजी म्हणाला, "हाव. सिरियस हाय." अख्खी गाडी हसली. मी नाही हसले.

अप्पांनी चादर काढली आणि सीपीयूकडं बघत राहिले. आमच्या चळवळीची सवय अशी की रिकामी जागा दिसली की तिथं पत्रक लागतंच. तसा तो डबाही आम्ही चारी बाजूंनी मढवून टाकला होता. सगळ्यात मोठं पत्रक डाव्या बाजूला: 'आमचा आवाज दाबता येणार नाही!' अप्पांनी ओलं फडकं घेतलं आणि तेच पत्रक भिजवून सोलायला लागले.

"ओ, ते काढू नका!" मी ओरडले.

"का गं?"

"ती आमची भूमिका आहे."

"तुझ्या भूमिकेखाली ह्याची जाळी हाय." त्यांनी कागद ओढला. खाली खरंच भोकंभोकं होती, खळीनं बुजलेली. "ह्यातून ह्यो श्वास घेतो. तुमचा आवाज कुणी दाबंना, पर तुम्ही ह्याचा गळा धरलाव की. किती वर्सं झाली?"

चार वर्षं झाली होती. बालाजी तोंड फिरवून हसत होता.

मग अप्पांनी विचारलं, "काय काम करायचं हाय ह्याच्यावर?" मी सवयीनं सुरू झाले... शिक्षणाचं बाजारीकरण, सरकारी उदासीनता. त्यांनी हात वर केला. "ते मला ठावं हाय. काम सांग." मी म्हणाले, फॉर्म भरायचे, पत्रकं टाइप करायची, छापायची. "बास? मग मरणाचं काय झालंय ह्याला?" त्यांची रीत ठरलेली होती. आधी काम विचारायचं, मग सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून तपासत वर जायचं. ब्रशनं आतली धूळ काढली, ती मूठभर निघाली. मग त्यांनी नाण्याएवढा एक सेल काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो संपला होता, म्हणून बटण बंद केलं की कॉम्प्युटरचं घड्याळ कित्येक वर्षं मागं जायचं, आणि तारीख चुकीची म्हणून सरकारी साईट त्याला दारातूनच हाकलायची. तारीख चुकते हे आम्हाला रोज दिसत होतं. पण भिंतीवर कॅलेंडर होतं, आमचं भागत होतं! व्यवस्थेच्या चुका शोधणारी मी, समोरच्या पडद्यावरची तारीख कधी मनावरच घेतली नाही.

बाकीचं काम दोन तासांचं. कुणीतरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरमधली रॅम जोडली. जुनी हार्डडिस्क काढून लहानशी, वेगवान एसएसडी बसवली, नवी वस्तू काय ती तेवढीच. कंपनीनं जुन्या सिस्टीमकडं बघायचं बंद केलं होतं, म्हणून फुकट मिळणारी लिनक्स घातली. मी अधिकाराच्या सुरात म्हणाले, "अप्पा, अजून चांगला प्रोसेसर टाकता येईल का?" ते म्हणाले, "येईल की. पर तू काय त्याच्यावर रॉकेट सोडणार हायेस का? ते पैशे ठिव. पत्रक काढ." छपाईचे निम्म्याहून जास्त पैसे परत माझ्या हातात आले. निघताना त्यांनी मार्करनं झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं: 'सीपीयूवर कागद चिकटवायचा नाही.' मी म्हणाले, आत लिहिलेलं कुणाला दिसणार? "जो उघडून बघंल त्याला," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी खोलीत पोरींची रांग होती आणि शोभाकाकू दारात हाताची घडी घालून उभ्या. बटण दाबलं. बालाजी सवयीनं चहा टाकायला वळला, तोवर पडदा उजळला. साईट उघडली. पहिला फॉर्म एका मेंढपाळाच्या पोरीचा. 'अर्ज स्वीकारला' अशी अक्षरं आली तेव्हा तिच्या आईनं पडद्यालाच हात जोडले. शोभाकाकू एवढंच म्हणाल्या, "बरं. साहेबांना नको म्हणून मीच कळवते."

त्यानंतर मी लातूरला गेले की अप्पांना नवं पत्रक दाखवायची. कौतुकाची अपेक्षा असायची, ती पुरी व्हायची नाही. "लई आरडाओरडा हाय गं पत्रकवाले. वाचणाऱ्यानं काय काम करायचं ते कुठं लिवलंय?" मी भांडायचे, घरी येऊन पत्रक पुन्हा लिहायचे. आज आमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी कुठं जायचं, कोणता कागद न्यायचा, कुणाला काय विचारायचं, हे असतं. लोक त्याला माझी शैली म्हणतात. ती त्यांची आहे. हे त्यांना सांगायचं राहिलं... शेवटच्या वर्षी तर मी दोनदा लातूरला गेले आणि दोन्ही वेळा मोर्च्याच्या गडबडीत दुकानापर्यंत पोचले नाही. त्याला सबब नाही.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला. चालू केला की पाव तासात आपोआप विझायचा. यंदाचे फॉर्म सुरू झालेले, खोलीत पोरी बसलेल्या. बैठकीत एकजण हळूच म्हणाला, "आता अप्पा न्हाईत. साहेब अजून तयार हायेत म्हणं." शोभाकाकूंनी माझ्याकडं बघितलं, आणि या वेळी त्या नजरेत टोमणा नव्हता.

मी पेचकस आणला. आयुष्यात पहिल्यांदा तो डबा स्वतः उघडला. झाकण बाजूला केलं तर आतल्या बाजूला तेच अक्षर, मार्कर अजून ठळक: 'सीपीयूवर कागद चिकटवायचा नाही.' झाकण उलटं केलं. बाहेरच्या बाजूला, बरोबर जाळीवर, मीच लावलेलं पत्रक होतं. अप्पांचा फोटो, विभूती, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खळ घट्ट वाळलेली.

पोरी बघत होत्या. मी फडकं ओलं केलं आणि कोपऱ्यापासून सोलायला लागले. कागद अखंड निघाला नाही, अप्पांच्या चेहऱ्यावरूनच फाटला. हात थांबला नाही. सगळी भोकं टाचणीनं मोकळी केली, ब्रशनं धूळ काढली, झाकण लावलं, बटण दाबलं. पाव तास झाला, अर्धा झाला, दुपार झाली. पंखा फिरत होता.

"पुढची कोण?" मी विचारलं.