सरखेलांची हरकत

नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात स्वतःचे आरमार बाळगणारा एकच पुरुष होऊन गेला, आणि त्याच्या माडीवर भाडेकरू म्हणून राहण्याचे भाग्य मला लाभले. समुद्र तिथून घाटाखाली, पार मुंबईला. पण आरमाराला समुद्र लागतोच असे नाही. या आरमारात एक शिडाची होडी होती. ती आग्रा रोडवर उस्मान मिस्त्रीच्या टांग्यांच्या कारखान्यात विटांवर ठेवलेली असे आणि तिच्याखाली मिस्त्रीच्या कोंबड्या अंडी घालीत.

मालकांना घरात अण्णा म्हणत. 'सरखेल', म्हणजे आरमाराचा प्रमुख, ही पदवी पंचवटीतल्या वाचनालयातल्या मंडळींनी दिली होती. ती थट्टेने दिलेली आहे हे अण्णांना ठाऊक होते, पण आयुष्यभर सरकारी खजिन्यात हेड अकौंटंट राहिलेल्या माणसाला दुसरी पदवी कोण देणार, म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

अण्णांना बसता येत नसे. पेन्शन झाली त्या दिवशी ते म्हणाले होते, "खुर्चीचं आणि माझं खातं बंद." तेव्हापासून ते वर्तमानपत्र उभ्याने वाचत, कीर्तनाला खांबाला टेकून उभे राहत आणि जेवताना एक गुडघा असा उभा ठेवीत, की कुणी हाक मारली तर भात पानात टाकून निघता यावे. मी तेव्हा नुकती वकिलीची सनद घेऊन अशिलांची वाट बघत होतो. अण्णा माझ्या खोलीत येत आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालीत बोलत. माझी दौत टेबलावर थरथरत असे. मला वाटे, हा माणूस कुठेतरी निघाला आहे आणि कुणीतरी त्याची गाडी अडवून ठेवली आहे.

कुठे निघाले होते ते काकूंनी मला सांगितले. काकू मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन नाशकात आल्या तेव्हा सासरच्यांनी मोठ्या अभिमानाने त्यांना गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, नेले. काकूंनी विचारले, "आणि होडी कुठं आहे?" सासूबाई म्हणाल्या, "होडी कशाला? लोक चालत जातात पलीकडे." उन्हाळा होता. नदीत जोडवीसुद्धा भिजत नव्हती. त्या दिवशी काकूंनी माहेरची आठवण काढून डोळे पुसले आणि अण्णांनी माजघराच्या दाराआडून वचन दिले, "मी तुला शिडाच्या होडीत बसवीन." नव्या नवऱ्याने दिलेली वचने बहुतेक घरांत पहिल्या मुलाच्या बारशापर्यंत विसरली जातात. अण्णांचे हाड खजिन्यातले. न फिटलेली रक्कम ते दर वर्षी पुढच्या वर्षात ओढत आले होते.

होडी मिळाली ती देवळालीच्या लिलावात. एक इंजिनियर साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला होता. दारणा धरणाच्या पाण्यावर तो रविवारी ही होडी फिरवायचा. अण्णा लिलावाला गेले होते टेबलावरचा दिवा घ्यायला. होडीची एक फळी फुटलेली होती आणि बोली बोलणारा दुसरा कुणी नव्हता. बैलगाडीवर उलटी घातलेली ती होडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा काकू बाहेर आल्या. त्यांनी सगळ्या बाजूंनी फिरून बघितले, बोटाच्या पेराने लाकूड वाजवले आणि म्हणाल्या, "फार दिवस कोरडी पडली आहे. फळी बसवा आणि लगेच पाण्यात टाका."

"लगेच म्हणजे? आधी अंदाज, मग दुरुस्ती, मग बिल, मग मंजुरी."

"कोरड्या होडीचं आणि कोरड्या वालांचं एकच, अहो. भिजत घातल्याशिवाय कामाचे नाहीत."

अण्णांनी हे स्वयंपाकघराचे खाते समजून सोडून दिले.

नाशकात होड्या दुरुस्त करणारा कुणी नव्हता, म्हणून काम उस्मान मिस्त्रीकडे गेले. अर्ध्या पंचवटीचे टांगे त्याने बांधलेले. डोळ्यांत सुरमा, कानात अत्तराचा फाया, आणि कुठल्याही कामाला नाही म्हणायची सवय नाही. त्याने जन्मात होडी बांधली नव्हती. "त्यात काय अण्णासाब," तो म्हणाला, "टांग्याची चाकं काढली, की होडीच ना ती? आणि बघा, चाकाचे पैसे मी तुम्हाला लावणार पण नाही."

पहिले बिल आले आणि अण्णांच्या चेहऱ्यावर तजेला आला. "बिल पहिल्या भेटीत कधीच खरं बोलत नाही," असे ते म्हणत. त्यांनी लाल पेन्सिल काढली. फळी मान्य. तांब्याचे खिळे मान्य, पण वजन करून. राळ आणि काथ्या, 'खुलासा व्हावा'. शेवटी होते 'किरकोळ'. त्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. तीस वर्षांत खजिन्यातून त्यांनी एकही 'किरकोळ' सुखासुखी जाऊ दिलेले नव्हते. बिल परत गेले, 'हरकत आहे' असा शेरा घेऊन.

मिस्त्री काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. अण्णा रोज कारखान्यात जाऊन चकरा मारीत, कामगारांना प्रश्न विचारीत, रंध्याखालच्या ढलप्या उचलून बघत. दुसऱ्या बिलात दोन नवीन बाबी निघाल्या: 'मालकांशी बोलणे' आणि 'चहा'.

"हे काय आहे, मिस्त्री?"

"अण्णासाब, तुम्ही आलात की माझे दोन माणसं हात थांबवून उत्तरं देतात. टांगेवाला येतो, पैसे देतो, जातो. तो बोलत नाही. म्हणून त्याला लावत नाही."

"आणि चहा? मी तुमचा एक घोट घेतलेला नाही."

"तुम्ही नाही घेतला. पण तुम्ही गेल्यावर आम्हाला लागतो ना!"

मला हसू आवरेना. अण्णांना मात्र हसू आले नाही. त्यांनी त्यावर चार मुद्द्यांची हरकत लिहिली आणि भाषा कायद्याची व्हावी म्हणून माझ्याकडून तपासून घेतली. बिल चुकते होईपर्यंत होडी सोडायची नाही, हा मिस्त्रीचा नियम होता. हरकत मिटेपर्यंत पैसा सोडायचा नाही, हा अण्णांचा. तिकडे दारणेचे पाणी कालव्यांना सुटत होते. हरकत मिटली तेव्हा धरणाच्या तळाशी गुरे चरत होती. मिस्त्रीने चहा मागे घेतला होता. अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले, "बघितलंत वकील? रेटून धरलं की सुटतं." होडी उन्हाळाभर कारखान्याच्या अंगणात तापत राहिली आणि तिच्या फळ्यांमध्ये इतक्या फटी पडल्या, की कोंबडीला आत बसून बाहेरचे बघता येऊ लागले. त्या फटी बुजवायचे नवे बिल झाले.

दुसऱ्या वर्षी धरण भरल्यावर अण्णांनी होडीला समारंभाने निरोप द्यायचे ठरवले. वाचनालयाच्या अध्यक्षांना बोलावले. ते जरीकाठी उपरणे घेऊन आले आणि प्राचीन भारताच्या नौकानयनावर इतका वेळ बोलले, की शेजारच्या टांग्याचे घोडे सोडून न्यावे लागले. मग त्यांनी होडीच्या पुढच्या टोकावर नारळ आपटला. अध्यक्ष विद्वान होते, पण मनगटाने तयार होते. नारळ फुटला नाही. आतली राळ निखळली आणि नवी फळी सांध्यातून सुटली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रीच्या पुढच्या बिलात 'नारळाने झालेले नुकसान' ही बाब होती, आणि ती अध्यक्षांच्या नावे घालावी की मालकांच्या, यावर पाणी उतरेपर्यंत पत्रव्यवहार चालला. त्यातही अण्णाच जिंकले. नुकसानीची बाब निम्म्यावर आली. त्या काळातले जागाभाडे मात्र मिस्त्रीने पूर्ण लावले.

अण्णांच्या फेऱ्या त्या उन्हाळ्यात वाढल्या. पहाटे उठून ते गंगेवर जाऊन पाणी बघत, तिथून कारखान्यात, तिथून घरी, पुन्हा कारखान्यात. मी एकदा म्हटले, "अण्णा, एकदाचं देऊन टाका ना." ते थबकले. "बरोबर नसलेलं बिल पास करू? मग मी इतकी वर्षं तिथं केलं काय?" आणि ते पुन्हा कारखान्याकडे निघाले.

तिसऱ्या वर्षी काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तांदूळ निवडताना खडे राहू लागले. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, मग बघू. गणपती झाले होते, दारणा काठोकाठ होती आणि मिस्त्रीचे सर्वांत लांबलचक बिल अण्णांच्या हातात होते. ते लाल पेन्सिल घेऊन ओटीवर फेऱ्या घालीत होते. काकू उंबऱ्यात बसून वाती वळत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अहो, घाई करू नका. सावकाश तपासा. पुढच्या वर्षी मला होडी दिसायची नाही. तुम्ही 'बसलीस' म्हणालात की मी 'हो, बसले' म्हणेन."

फेऱ्या थांबल्या. अण्णा माडीवर माझ्याकडे आले आणि प्रथमच माझ्या खुर्चीवर बसले. बिलात 'किरकोळ' दोन ठिकाणी होते. त्यांनी ते दोनदा वाचले. पेन्सिल खिशात घातली, माझा टाक घेतला आणि खाली लिहिले: 'मंजूर.'

मिस्त्रीला बिल न कापता मिळाले तेव्हा तो घाबरला. "वकीलसाब, अण्णासाबची तब्येत बरी आहे ना?" असे त्याने मला दोनदा विचारले, आणि स्वतः होडीबरोबर बैलगाडीतून दारणेपर्यंत आला. आम्ही तिघे रेल्वेने अस्वली स्टेशनवर उतरून पुढे गेलो. काकू म्हणाल्या, "आजची रात्र तरी पाण्यात बुडवून ठेवा." पण अण्णांना आता क्षणभर धीर नव्हता. होडी पाण्यात ढकलली. काकू पदर खोचून आत जाऊन अशा बसल्या, जणू स्वतःच्या ओट्यावरच बसल्या आहेत. मी पाणी उपसायला पितळी तपेली घेऊन मागे बसलो. अण्णांनी शीड चढवले.

वारा शिडात भरला आणि होडी निघाली. ती गोष्ट मी आजही नीट सांगू शकत नाही. काठ आपल्यापासून मागे सरकू लागतो एवढेच. अण्णा सुकाणू धरून होते आणि बसलेले होते. पाणी फळ्यांमधून आत येत होते, मी उपसत होतो, ते पुन्हा येत होते. काठावरून मिस्त्री ओरडत होता, "अण्णासाब, बिल मंजूर झालंय हां! आता हरकत नाय चालणार!"

"पाणी येतंय," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "फिरवू का?"

काकूंचे लुगडे घोट्यापर्यंत भिजले होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरून समोरच्या डोंगराकडे बघितले, आणि मग खाली पायांकडे. "जोडवी भिजली," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या आणखी थोडी."

गेलो आणखी थोडे. परत काठाला लागलो तेव्हा पाणी गुडघ्याशी होते आणि तपेली हरवली होती. तपेलीवर पुढे बरेच दिवस घरात बोलणे झाले, पण या खेपेला हरकत काकूंची होती.

त्यानंतर अण्णा दोन वर्षे होते. होडी पुन्हा मिस्त्रीकडे गेली, पुन्हा बिल आले, पुन्हा लाल पेन्सिल निघाली. पण आता ते हरकत घेऊन झाल्यावर बसत आणि काकूंना ती वाचून दाखवत. काकूंना तोवर अक्षर दिसत नव्हते. 'मालकांशी बोलणे' ही बाब आली की दोघे हसत. अण्णा गेले ते मात्र उभ्यानेच, दारात, वर्तमानपत्र हातात असताना.

तेराव्याला मिस्त्री आला. शेवटच्या बिलाबद्दल एक शब्द न बोलता ओटीच्या पायरीवर बसून राहिला. काकूंनीच विषय काढला. "होडी तुम्ही ठेवा, मिस्त्री. ह्यांची हरकत नाही." मिस्त्रीने तोंडाला रुमाल लावला.

ती होडी त्याने कारखान्याच्या दारात ठेवली आणि टांग्यांच्या घोड्यांना प्यायला तिच्यात पाणी भरले. दोन दिवस ती सगळीकडून पाझरली. मग लाकूड फुगले, फटी आपोआप मिटल्या, आणि त्यानंतर ती कधी एक थेंबही गळली नाही.