नावापुरते मालक

आमच्या घरात जे काही चाकांवर चालतं ते आबांच्या नावावर आहे. आबा म्हणजे माझे वडील. ट्रॅक्टर, ट्रॉली, थोरल्या भावाची मोटारसायकल आणि मी घेतलेली चारचाकी. ज्यांना चाकं नाहीत त्या वस्तूंचंही तेच. आमच्यात वाटणी झालेली नाही, आणि अशा घरात एका भावाच्या नावानं गाडी आली की दुसऱ्या दिवशी गावानं पारावर बसून वाटणी करून टाकलेली असते. म्हणून कुरकुंभच्या औषध कंपनीत पाळ्या करून मी गाडी घेतली, तेव्हा शोरूमवाल्यानं पुठ्ठ्याची मोठी किल्ली आबांच्या हातात दिली, हार आबांच्या गळ्यात पडला आणि फोटोत मी कडेला अर्धा आलो.

मी दौंडला राहतो. आबा आणि थोरला नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात, गावी. गाडी माझ्या दारात उभी असते, पेट्रोल मी टाकतो, पंक्चर मी काढतो. गावाला गेलं की मात्र प्रत्येक जण विचारतो, "आबाची गाडी आणली व्हय?" मी व्हय म्हणतो. याचं मला काही वाटत नाही, असं मी बायकोला दर वेळी परतीच्या वाटेवर सांगतो. ती दर वेळी "बरं" म्हणते.

नेपाळला गाडीनं जायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते यातूनच. परदेशाचा परदेश, शिवाय विमान नको, व्हिसा नको. मुख्य म्हणजे तिथं आबांना ओळखणारं कुणी नाही. एकदा तरी मला माझ्या गाडीतून माझी गाडी म्हणून हिंडायचं होतं. कंपनीतला एक जण तिकडं जाऊन आला होता. त्यानं सांगितलं, सीमेवर गाडीचा मालक हजर पाहिजे, नाहीतर त्याचं नोटरी केलेलं पत्र पाहिजे.

"पण तुला काय, मालक तूच ना?" तो म्हणाला.

मी त्याला कँटीनच्या भाजीबद्दल विचारलं.

पत्रावर सही घ्यायला गावी गेलो. आबा गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. कागद त्यांनी हातात घेतला, मागून-पुढून पाहिला आणि मला परत दिला.

"कागुद कशाला? मीच येतो की."

"आबा, लई लांब हाय. तुमचं गुडघं..."

"गुडघ्यानं चालवायची हाय का गाडी?"

आबा तरणे होते तेव्हा दरसाल मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि चालत परत यायचे. लांब म्हणजे काय, हे त्यांना मी सांगण्यात अर्थ नव्हता. तेव्हा मालक म्हणून मी ज्या पहिल्या प्रवासाला निघणार होतो, त्याला मालक स्वतःच निघाले. पुढच्या सीटवर. बायको मागं, चिवड्याच्या डब्याशेजारी. पोरं थोरल्याकडं ठेवली.

समृद्धी महामार्ग आबांना आवडला नाही. "ह्या रस्त्याला माणूसच न्हाई," म्हणाले आणि झोपले. नागपूरच्या पुढं मात्र जागे राहिले. दिसेल त्या रानाकडं बघून हितं मेंढरं बसतील, हितं न्हाई बसणार, असा निकाल देत राहिले. आमचे कळप जाऊन मधे कितीतरी वर्षं लोटलीत, पण मध्य प्रदेश त्यांनी त्याच हिशेबानं पाहिला. मी गाडी चालवत होतो.

आबांची हिंदी आमच्याकडच्या वीटभट्टीवर आलेल्या बिहारी माणसांशी बोलून तयार झालेली आहे. ती मराठीच असते, फक्त वाक्य संपलं की पुढं 'है' लागतं. उत्तर प्रदेशात ते कुठंही न अडखळता बोलले. ऐकणारे अडखळले. बायको मला म्हणाली, "ते खूश हायेत, बघा." मला त्यात बघण्यासारखं काही वाटलं नाही.

नेपाळच्या सीमेवरची सोनौलीची कमान ओलांडली आणि पाट्या बदलल्या. अक्षरं आपलीच. आबांनी मोठ्यानं वाचलं, "भन्सार कार्यालय. हे कुणाचं आडनाव हाय का?"

"जकात नाका हाय, आबा. हितं गाडीचा परवाना काढायचा."

"समदं मराठीतच लिव्हलंय की," ते समाधानानं म्हणाले.

खिडकीशी रांग होती. आमची पाळी आली. आतले साहेब सभ्य होते. त्यांनी आरसी बुक पाहिलं, माझं लायसन पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "गाडी किसकी है?"

मी तोंड उघडायच्या आत आबा काठी टेकत पुढं झाले.

"लडके की है, साब," ते म्हणाले. "इसने अपने पगार से घेतली है. खाली नाव मेरा है."

हिंदीत नाव म्हणजे होडी. साहेबांनी मान लांब करून आमच्या गाडीकडं पाहिलं. टपावर काही नव्हतं.

"नाव?"

"हां. नाव मेरा, गाडी इसकी."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. होडीचा घोटाळा मी निस्तरला, पण त्यामुळं उरलेलं वाक्य साहेबांना नीट समजलं. त्यांनी कागद बाजूला ठेवले. कागदावर एक मालक आणि तोंडी दुसरा, असं कसं चालेल, त्यांनी विचारलं. गाडी विकली आहे का?

एवढा मुलूख तुडवून आता इथून माघारी वळायचं. आणि दौंडला जाऊन सांगायचं काय, तर आबा खरं बोलले.

"नहीं साहब," मी म्हणालो. "मालिक यही हैं. मैं सिर्फ चलाता हूँ."

"खोटं कशापायी बोलतो?" आबा मला म्हणाले. "पाळ्या करून घेतली न्हाई का तू?"

"आबा, गप बसा जरा."

साहेबांनी आबांकडं पाहिलं. "बाबा, आप बोलिए. गाडी आपकी है या नहीं?"

आबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मी त्यांच्या कानाशी गेलो आणि म्हणालो, "म्हणा ना, माझी हाय म्हणून." आवाज जरा चढलाच माझा. आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

"मेरी है," ते म्हणाले.

परवाना मिळाला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढं असतं, ते बायकोनं लावून घेतलं. दोन्ही बाजूंना भातखाचरं होती आणि आबा त्यांच्याबद्दलही काही बोलत नव्हते. शेवटी मीच विचारलं, "आबा, काय गरज होती?"

ते समोर बघत म्हणाले, "गावात म्हणता येत न्हाई. थोरल्याच्या कानावर जातं, त्याला वाईट वाटतं. ते पन माझंच प्वार हाय. म्हनलं, हितं आपल्याला कोन वळखतंय. हितं तरी एकदा म्हनावं."

ज्यासाठी मी आलो होतो त्यासाठीच तेही आले होते, आणि मी ते त्यांना सगळ्यांसमोर मागं घ्यायला लावलं होतं. फार वाईट वाटलं. मागून बायकोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

बुटवलच्या अलीकडं चहाला थांबलो. टपरीवाल्यानं नंबर प्लेट पाहून विचारलं, "महाराष्ट्र से? गाडी अपनी है?"

आबांनी आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं. वर्दीतलं कुणी जवळपास नाही याची खात्री केली.

"लडके की है," ते म्हणाले. टपरीवाला आधीच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला होता. म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांगितलं.

मी गाडीकडं बघत उभा राहिलो. बोनेटवर तीन राज्यांची धूळ होती. घेतल्यापासून ती मला कधी इतकी माझी वाटली नव्हती.