कड्यातला हात

परवा झेरॉक्सच्या दुकानात यंत्र तापून ठिणगीचा तो उग्र वास सुटला आणि साठ वर्षांपूर्वीची, मुळशीतल्या माले गावची जत्रा आठवली. काचेच्या तबकड्या फिरवून विजेच्या ठिणग्या पाडणारं यंत्र मी स्वतः बनवलं होतं आणि गावोगाव तंबू लावून एकटाच खेळ करायचो. शेवटी प्रेक्षकांनी हात धरून कडं केलं की झटका सगळ्यांना एकदम बसायचा. तिथे मात्र कडं जुळेचना, कारण मध्ये कातकरी वाडीवरची मोळीवाली म्हातारी उभी होती आणि तिला कुणी शिवेना. ‘तिला आदी भाईर काडा,’ एक जण ओरडला. मी चिडून तबकड्या गरागरा फिरवल्या, तिचाच हात धरला आणि यंत्राच्या दोन टोकांना आम्ही दोघांनीच हात लावले. ‘लई मुंग्या आल्या रं!’ म्हणत ती खळखळून हसली. तोवर तंबू रिकामा झाला होता. मग तीही मोळी उचलून गेली. परवा झेरॉक्सचे कागद घ्यायला हात पुढे केला, तर माझी मूठ तिचा हात धरल्यासारखी घट्ट मिटलेली होती.