रिकामी म्हणून दाखवलेली जागा

बाथरूमच्या दाराला कुलूप होतं. नवं कोरं. दुकानातला स्टिकरसुद्धा अजून काढलेला नव्हता.

आदल्या दिवसापर्यंत ते दार उघडं असायचं. मालकांच्या अंगणात, बाहेरून आलेल्यांसाठी बांधलेलं बाथरूम. आमच्या सर्वेक्षणाच्या टीमची गाडी, तिवई, यंत्रं, सगळं त्याच अंगणात असायचं. टीममध्ये मी एकटी मुलगी. पुरुषांना गाडीचा आडोसा पुरतो. मला सकाळी निघण्याआधी हे एक दार होतं. त्यानंतर दिवसभर पाणी न पिता चालायचं.

मालकांची बायको ओट्यावर तूर निवडत होती. मी विचारलं, “वहिनी, किल्ली मिळेल?”

“मोटर जळली बाई. पाणीच न्हाई.”

वरची टाकी भरून वाहत होती. पाणी बाथरूमच्या पत्र्यावर पडत होतं. आम्ही दोघींनी वर बघितलं. मग तिनं सुपात बघितलं, मी माझ्या बुटांकडं.

“त्या बाभळीत जावा की,” ती म्हणाली. “रिकामीच हाय जागा. तुमच्याकडं सवय असंल.”

तुमच्याकडं.

नांदेडला आमच्या घरात दोन बाथरूम आहेत. वडील शिक्षक आहेत. मी इंग्रजी शाळेत शिकले, बुटांना रोज पॉलिश करून गेले. हे सगळं तिला सांगावं असं मला क्षणभर वाटलं. आणि तसं वाटलं याचीच जास्त लाज वाटली.

कुलूप का लागलं ते मला माहीत होतं.

आदल्या संध्याकाळी अंगणात चहा झाला. मालक म्हणजे गावचे जुने नगराध्यक्ष. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, नाव लिहीत नाही. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे मालकच म्हणतात. त्यांनी मला विचारलं, “मॅडम, तुम्ही कुणाच्या?”

“नांदेडची.”

“ते कळलं हो. मूळ कुठलं?”

“भोकरकडचं.”

आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही. आजोबांनी ते तसं का घेतलं असेल हे मला पुष्कळ उशिरा समजलं. मालकांना मात्र काही कळलं नाही, हेच टोचत असावं. त्यांनी खिशातून फोन काढला. भोकरला त्यांचे पाहुणे आहेत म्हणाले. माझ्यासमोर, माझ्या ओळखपत्रावरचं वडिलांचं नाव घेऊन, त्यांनी पाहुण्यांना विचारलं. मी हातात कप धरून बसले होते.

“हां... मास्तर, हाव... ते का? असं का? बरं, बरं.”

फोन खिशात गेला. मालक माझ्याकडं बघून हसले. “बरं झालं विचारलं.”

आमचे सर, टीमचे प्रमुख, तिथंच होते. त्यांनी बिस्किट चहात बुडवलं.

मी मातंग आहे. हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली. घरात शिकवण एकच होती. कुणी विचारलं तर नांदेड सांगायचं, मार्क सांगायचे, पुढं बोलायचं नाही. मी कमी बोलते. लोक त्याला लाजाळूपणा म्हणतात. तो सगळाच लाजाळूपणा नव्हता.

इंग्रजीत या सगळ्याला एक नीटनेटका शब्द आहे, डिस्क्रिमिनेशन. आम्ही तो शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात लिहायचो, पूर्ण मार्क मिळायचे. त्या शब्दाला वास येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिते आहे.

तर, मी बाभळीत गेले. जावंच लागलं. गावाच्या पश्चिमेला, ओढ्याच्या वर, काटेरी झुडपांची जागा. आत जाऊन मी आडोसा बघितला, सलवारची नाडी सोडायला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

“ए बाई! ऊठ तिथून! मपला लेक हाय तिथं!”

मी गर्रकन वळले. डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक म्हातारी उभी होती. मी खाली बघितलं. माझ्या पायाशी मातीचा लांबट उंचवटा होता. उशाला दगड, दगडाला वाळलेली हळद. थोडं पुढं दुसरा, त्यापुढं तिसरा. एकावर हिरव्या बांगड्यांचे तुकडे. फुटकं मडकं. बाभळीच्या बुंध्याला टेकवलेली तिरडीची बांबूची काठी. मी दफनभूमीत उभी होते.

“मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले.

“वाड्यावरली का तू?”

“नाही. तिथं उतरलोय आम्ही. मोजणीवाले.”

“मग त्यायनीच धाडलं असंल. पाव्हणा आला की धाडतेत इकडं. गडी, डायवर, लग्नातलं वऱ्हाड. आमच्या मढ्यावर.” तिनं भारा खाली टाकला. “जीव चाललाय का तुपला? चल मह्या मागं.”

तिचं नाव गयाबाई. तिच्या घरामागं पत्र्याचा संडास होता, दाराऐवजी पोत्याचा पडदा. तिनं डब्यात पाणी भरून दिलं आणि पडद्याकडं पाठ करून बाहेर उभी राहिली. मी बाहेर आल्यावर तिनंही तोच प्रश्न विचारला. “कुणाची गं तू?”

मी सांगितलं. मोठ्यानं, पहिल्यांदाच. कालचा चहा आणि फोनही सांगितला.

ती थोडा वेळ माझे बूट, गळ्यातलं ओळखपत्र, डोक्यावरची टोपी बघत राहिली. मग म्हणाली, “आमचीच की गं. आन् तरी तिथं च्या प्यायला गेल्तीस व्हय?” आणि मोठ्यानं हसली. दात नव्हते. मला हसू आलं नाही.

आता कामाबद्दल सांगते, कारण अपमान तिथं संपला नव्हता. तिथूनच तो सुरू झाला.

गावाचा विकास आराखडा करायचा असतो, तेव्हा आधी आमच्यासारखे लोक गावभर पायी फिरतात. ड्रोननं काढलेले फोटो छापून हातात असतात. प्रत्येक जागेवर जाऊन बघायचं, आज इथं काय आहे. घर असेल तर पिवळा रंग, दुकान असेल तर निळा, शेत असेल तर हिरवा. काहीच नसेल तर रिकामी जागा, पांढरी. या नकाशावर पुढचा आराखडा उभा राहतो. जी जागा पांढरी, तिथं काहीही आखता येतं.

जमिनीला ‘तू कुणाची’ असं विचारायचं नाही. ‘तुझ्यावर आज काय चालतं’ एवढंच विचारायचं. मालकी सातबाऱ्यावर असते, वापर जमिनीवर असतो. आम्ही वापर नोंदवतो. हे तत्त्व मला याच सरांनी शिकवलं होतं. ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. कुणाची, हे न विचारणारं एक तरी काम जगात आहे, असं वाटलं होतं.

त्या दुपारी गाडीच्या बोनेटवर नकाशा पसरलेला. बाभळीच्या जागेवर सरांनी आधीच पेन्सिलनं लिहिलं होतं, रिकामी.

“सर, तिथं दफनभूमी आहे.”

“झुडपं आहेत.”

“झुडपांखाली आहे. मी बघून आले.”

सर हळू आवाजात म्हणाले, “सातबारा मालकांचा आहे. त्यांना तिथं प्लॉट पाडायचेत. आपल्याला काय करायचंय?”

“सर, मालकी आपण नोंदवत नाही. तुम्हीच सांगितलं होतं.”

“हे बघ, कालचं तू पर्सनली घेतलंस. कळतं मला. पण कामात आणू नकोस.”

म्हणजे कालचं सरांना कळलं होतं. बिस्किट बुडवताना कळलं होतं.

मी वाद घालणारी मुलगी नाही. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करत नसे. त्या वेळीही मी फक्त रबर घेतलं आणि त्यांची पेन्सिल खोडली. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या पानातलं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी यंत्राची काठी घेऊन एकटी बाभळीत गेले. मोजणीत एक रीत असते. ज्याची वहिवाट, त्यानं जागेवर उभं राहून हद्द दाखवायची. मोजणारा तिथं काठी टेकवतो. कुणी दाखवायलाच आलं नाही, तर ती वहिवाट कागदावर येत नाही. आजवर गयाबाईच्या वस्तीला बोलवायला कुणी गेलंच नव्हतं. मी गयाबाईला सांगितलं, लोकांना घेऊन या. ज्याचं माणूस जिथं आहे, तिथं त्यानं उभं राहायचं.

लोक आले. बायका जास्त. काहीजणी कामाच्या रोजावर पाणी सोडून आलेल्या. एकेक जण आपापल्या दगडापाशी जाऊन उभा राहिला. कुणी आईपाशी, कुणी नवऱ्यापाशी. एका तरण्या बाईसमोर दगड अगदी लहान होता, वीतभर. कुणी रडलं नाही. गयाबाई तिच्या लेकापाशी उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती, “हालू नका रे! मापात या!” माणसं उभी राहिली आणि जागेची कड आपोआप दिसायला लागली. फोटोत ते नुसतं तपकिरी होतं.

मी कडेकडेनं काठी टेकवत निघाले. अर्धं झालं असेल, तेव्हा मालकांची जीप आली.

“मॅडम, कुणाला विचारून चाललंय?”

“जमिनीवर जे आहे ते नकाशात घ्यायचं असतं,” मी म्हणाले.

“रान मपलं हाय. बापजाद्यानं दयेनं पुरू दिलं ह्यायला.”

गयाबाई तिथूनच बोलली, “दया करता म्हणून रोज पाव्हणे हागायला धाडता का मालक?”

कुणीतरी फिसकन हसलं. मालकांची मान लाल झाली. पण ते तिला बोलले नाहीत. माझ्याकडं वळले.

“परवा मपल्या अंगणात कपबशीत च्या पेलीस. आज जातीवर गेलीस.”

मी त्यांच्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा अशा माणसाच्या डोळ्यांत सरळ बघितलं. “जात तुम्ही फोन करून विचारली,” मी म्हणाले. “मी तर मोजायला आलेय. बाजूला व्हा, तुम्ही रेषेत उभे आहात.”

ते बाजूला झाले नाहीत. मी काठी त्यांच्या बुटापाशी टेकवली आणि माप घेतलं.

पुढं काय झालं ते थोडक्यात. सरांनी मला लातूरच्या ऑफिसात बोलावून घेतलं. माझ्या जागी दुसरा मुलगा गेला. यंत्रातली माझी मापं पुसली गेली. नकाशाचा नवा कागद टेबलावर आला, त्यावर ती जागा पुन्हा पांढरी. खाली सर्वेक्षक म्हणून माझी सही हवी होती, कारण तो भाग माझ्या नावावर होता.

“सही कर. मग तुला औशाच्या रस्त्याचं काम देतो,” सर म्हणाले. “मुलीसाठी सोयीचं आहे. ऑफिस आहे, सगळं आहे.”

सगळं म्हणजे बाथरूम.

मी सही केली नाही. पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं. मला उद्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. घरी फोन केला, तर वडील म्हणाले, “कशाला कळू दिलंस त्या लोकांना आपलं? नांदेड म्हणायचं ना नुसतं.” त्यांचा राग माझ्यावर नव्हता. इतकी वर्षं जपलेली एक भिंत पोरीनं आतून पाडली, त्याची ती भीती होती. मला त्यांची कीव आली आणि त्यांच्यावर रागही आला. दोन्ही अजून आहेत.

आता आराखड्याचा मसुदा जाहीर झाला आहे. नगर परिषदेच्या भिंतीवर लावला आहे. मी एसटीनं जाऊन बघून आले. बाभळीच्या जागेवर पिवळा रंग आहे, रहिवास विभाग. मधून रस्ता आखला आहे. तो रस्ता गयाबाईच्या लेकावरून जातो. भिंतीसमोर लोक उभे होते, आपापली घरं शोधत होते. मेलेल्यांना शोधणारी मी एकटी होते.

मसुद्यावर कुणालाही हरकत घेता येते. कायद्यात आहे. आम्ही जागा पुन्हा मोजली, या वेळी साध्या टेपनं. लोक पुन्हा आपापल्या माणसांपाशी उभे राहिले. वस्तीतल्या घराघरातून हरकती गेल्या आहेत, माझीही एक आहे. सुनावणी व्हायची आहे. मालकांची माणसं समितीवर आहेत, हे मला माहीत आहे. वस्तीलाही माहीत आहे. आम्हाला न्याय मिळेल असं मी इथं लिहिणार नाही.

एवढं लिहिते. आता मी गप्प बसण्याला शिस्त म्हणणार नाही. नकाशा वाचायला मी शिकले आहे आणि खोटा नकाशा कसा केला जातो, तेही आतून बघितलं आहे. सुनावणीत मी नियम वाचून दाखवेन. ऐकलं नाही, तर वरच्या ठिकाणी जाईन. दुसऱ्या गावांतही अशा पांढऱ्या जागा आहेत. तिथं जाऊन लोकांना आपापल्या जागी उभं करीन आणि मोजीन. मला कामावर कुणी घेवो न घेवो.

आणि त्या सुनावणीच्या खोलीत मी पहिल्या रांगेत बसणार आहे. उठवलं, तर उठणार नाही.