वरातीची घोडी

माझा उजवा गुडघा दुखायला लागला नसता, तर मी घोड्याच्या जवळ कधीच गेले नसते. नोकरीची सगळी वर्षं सांगलीत गेली, विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात. निवृत्त झाल्यावर मुलाने आम्हा दोघांना साताऱ्याला बोलावून घेतलं. तो शिरवळच्या एका कारखान्यात आहे, सून इथल्याच बँकेत. दोघं सकाळी बाहेर पडले की घर रिकामं. यजमानांनी आठवडाभरात बागेतला कट्टा शोधला, चार मित्र जोडले. मला ते जमेना. मी आपली खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघत बसायची, आणि गुडघा दुखायचा.

त्या गुडघ्यावर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी, सगळ्यांची डॉक्टरताई, एकदा म्हणाली, "काकू, रविवारी आमच्या शेतावर या ना. तुमच्यासारखं सावकाश चालणारं माणूस हवंय मला."

तिचे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्य घोड्यांत गेलेलं. कोरेगाव रस्त्याच्या बाजूला त्यांचं थोडं शेत होतं. तिथे बाप-लेकीने तीन घोडे ठेवले होते आणि ज्या मुलांना नीट चालता-बसता येत नाही, त्यांना ते घोड्यावर बसवून हळूहळू फिरवायचे. घोडा चालतो तेव्हा बसलेल्याची कंबर आपोआप चालल्यासारखी हलते. अंगाला ऊब मिळते, आखडलेले स्नायू सैल होतात. हे सगळं तिने मला समजावून सांगितलं. घरी आल्यावर मी ते यजमानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "गाईने शेपटी हलवली तरी तू रस्ता ओलांडतेस. तू घोड्याला काय धरणार?"

त्या हट्टानेच मी गेले, हे खरं.

सुरुवातीला मी फक्त लीद उचलली आणि पाण्याच्या बादल्या भरल्या. मग बाजूने चालायचं काम मिळालं. एक जण पुढे दोर धरून घोडा चालवतो, दोघं दोन बाजूंनी चालतात. बाजूच्यांनी मुलाच्या मांडीवर एक हात ठेवायचा, दुसऱ्या हाताने कमरेचा पट्टा धरायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण चालताना घोड्याचं पोट आपल्या खांद्याला घासतं, त्याचा श्वास ऐकू येतो, आणि आपला पाय त्याच्या खुराखाली येईल की काय, हेच मनात असतं. पहिले काही रविवार मी जमिनीकडे बघूनच चालले.

माझ्या वाट्याला आली ती वडूजकडची एक आठ-नऊ वर्षांची मुलगी. जन्मापासून तिचे पाय ताठ, कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. कुणी धरल्याशिवाय बसता येत नव्हतं. बोलायची अडखळत, पण बोलायची खूप. तिचे आजोबा तिला एसटीने घेऊन यायचे, कडेवर. आईवडील शेतावर, आणि आजोबा तिला दुसऱ्या कुणाकडे सोपवत नव्हते. धनगराचं घर. मेंढरं आता थोडीच राहिली होती, ज्वारी आणि घेवडा यांवर भागत होतं.

मी त्यांना विचारलं होतं, "आबा, पोरीला घोड्यावर बसवायची भीती नाही वाटत?"

"भ्या कशाचं? आवं, आमी मेंढरं घिऊन कोकणाकडं उतरायचो, तवा घोड्यावर भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरं आन ल्हान लेकरं, समदं एकाच पाठीवर. मी बी तसाच वाढलोय."

पोरीला मात्र भीती होती. पहिल्यांदा बसवलं तेव्हा ती इतकी किंचाळली की बाकीचे घोडे कान टवकारून बघायला लागले. फक्त पांढरी घोडी हलली नाही. ठेंगणी, वयस्क, रुंद पाठीची घोडी. सुभेदारांनी ती एका बँडवाल्याकडून आणली होती. वर्षानुवर्षं तिने नवरदेव मिरवले होते. फटाके, दिवे, पोरासोरांचा गोंधळ, सगळं पाहून झालेलं. "हिच्यासारखी शांत घोडी फौजेतसुद्धा मिळणार नाही," सुभेदार म्हणायचे. पोर तिला पांढरीच म्हणायची. हळूहळू किंचाळणं थांबलं, मग रडणं थांबलं. दिवाळीनंतर ती पांढरीवर बसल्या बसल्या मला प्रश्न विचारायला लागली. पांढरी दात घासते का? तुमचा गुडघा पांढरीवर बसल्याने बरा होईल का? तिचे पाय घोडीच्या दोन्ही बाजूंना सैल लोंबायला लागले होते. ते बघताना माझी स्वतःची भीती कधी गेली, मला कळलंही नाही.

मग लग्नसराई आली.

एका रविवारी आम्ही कुंपणाच्या कडेने चालत होतो. सुभेदार पुढे, डॉक्टरताई पलीकडच्या बाजूला, मी अलीकडे. तेवढ्यात रस्त्यावरून नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला घेऊन निघालेली मंडळी आली. पुढे हलगीवाले. हलगी कडाडली आणि पांढरी थबकली. तिने मान कमानीसारखी वाकवली, कान पुढे केले, आणि जागच्या जागी नाचायला लागली. एक पाय वर, मग दुसरा, ठेका धरून. कधी काळी तिला हेच शिकवलेलं होतं. आम्हा कुणाला त्याची कल्पना नव्हती.

पोर माझ्या बाजूला कलली. माझ्या हातातला पट्टा सुटतोय असं वाटलं.

"ओढू नका! दोर मी धरलाय!" सुभेदार ओरडले. "बाई, पोरीला उतरवून घ्या!"

मी तिला दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि तिला घेऊनच मातीत बसले. गुडघ्यातून कळ गेली. आजोबा कुंपण ओलांडून धावत आले. पोर जोरजोरात रडत होती. मी तिचे हातपाय चाचपत राहिले. "कुठे लागलं? बाळा, कुठे लागलं?"

"ला-गलं न्हाई," ती हुंदके देत म्हणाली. "का उतरवलं? पांढरी ना-चत होती!"

आजोबा मटकन खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. मला हसूही येईना, रडूही येईना. मी आपली पोरीच्या फ्रॉकवरची माती झटकत राहिले.

डॉक्टरताईने त्याच दिवशी सांगितलं की पांढरी आता मुलांसाठी नको. तिचं बरोबर होतं. पुढच्या रविवारी पोरीला उंच तपकिरी घोड्यावर बसवलं. तो घोडा चांगला होता, पण पोर वर जाताच आखडली, पाय पुन्हा कात्रीसारखे झाले. त्यानंतरच्या रविवारी तीच गत. आजोबा निघताना सुभेदारांना म्हणाले, "साहेब, एवढ्या लांबनं आणून पोरगी रडणारच आसंल, तर ऱ्हाऊ द्या आता."

सुभेदारांनी थोडी मुदत मागितली. त्यांनी शेजारच्या गावातले दोन हलगीवाले ठरवले. ते रोज दुपारी यायचे. आधी लांबच्या आंब्याखाली वाजवायचे, मग थोडं जवळ. पांढरी नाचायला लागली की सुभेदार काही बोलायचे नाहीत. शांत उभी राहिली की गुळाचा खडा. मीही एक दिवसाआड जाऊन बघत बसायची. कधी प्रगती दिसायची, कधी घोडीबाई पहिल्या ठेक्यालाच कंबर हलवायच्या. हळूहळू हलगी कुंपणापाशी आली आणि घोडी गुळाची वाट बघत उभी राहायला लागली.

पण पाठीवर माणूस असताना काय करेल? सुभेदार बसले तर सराईत स्वार आहे हे तिला कळणार आणि ती धाकात राहणार. ज्याला घोड्यावर बसता येत नाही, असं कुणी हवं होतं.

डॉक्टरताई माझ्याकडे बघायला लागली.

"मी?" मी म्हटलं. "अगं, माझं वय, माझं वजन!"

"वजनाचं तिला काही नाही, काकू. नवरदेव वाहिलेत तिने."

मी घरी न सांगता होकार दिला. लाकडी पायऱ्यांवर चढून बसले तेव्हा जमीन फार खाली दिसली. डोक्यावर मुलांसाठीचं मोठं हेल्मेट, साडीऐवजी सुनेचा पंजाबी ड्रेस. दोन्ही बाजूंना माणसं होती, तरी मी घोडीच्या पाठीवरचा पट्टा असा धरला की बोटं पांढरी पडली. पोरीला पहिल्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला तिथे कळलं.

हलगी सुरू झाली. घोडीच्या पाठीतून एक लहर आली, ती मला मांड्यांत जाणवली. तिने पुढचा पाय उचलला. मी डोळे मिटले. मग तो पाय खाली टेकला, आणि तिने फुर्रर्र करून मान खाली सोडली. हलगी कडाडत राहिली आणि ती नुसती उभी. सुभेदारांनी गूळ तिला भरवला आणि मागे वळून एक खडा माझ्याही हातावर ठेवला. मी तो तिथेच वर बसून खाल्ला. इतका मोकळा श्वास मी बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता.

असं पुन्हा पुन्हा करून बघितलं. मगच डॉक्टरताईने मान डोलावली आणि मी स्वतः आजोबांना फोन लावला.

पोर आली, पांढरीवर बसली, आणि बसताक्षणी म्हणाली, "नाच." पांढरी अर्थातच नाचली नाही. पोर जरा रुसली, मग मानेवर हात ठेवून तिच्याशी कुजबुजत राहिली. तिचे पाय दोन्ही बाजूंना सैल सुटले. मी तिच्या मांडीवर हात ठेवून चालत होते.

परवाच्या रविवारी ती दोघं आली, तेव्हा आजोबा चहा घेता घेता म्हणाले, "बाई, आज यष्टीत लय गर्दी. पोरगी खिडकीपाशी बसली, मला तिच्याजवळ जागाच न्हाई गावली. मी मागं हुबा. सारखा वाकून बघतुया, पडतीय का, पडतीय का."

"मग?"

"कुटं? पुढच्या दांडीला धरून बसली की साताऱ्यापत्तूर. एकदा बी वळून बघितलं न्हाई माझ्याकडं."

एवढं सांगून त्यांनी बशीतला चहा संपवला आणि पाय लांब करून आंब्याच्या बुंध्याला पाठ टेकली. थोड्या वेळाने बघितलं, तर त्यांना झोप लागली होती.